आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी: कानदुखी, जबड्याचा सांधा आणि दुर्बिणीची घाई

"डॉक्टर, कानाचं ऑपरेशन ठरलंय. तुमचं फक्त फिटनेसचं पत्र हवंय."

समोर बसलेल्या बाई शिक्षिका. वय ३८. हातात जाडजूड फाईल. कागदावर ऑपरेशन लिहिलं होतं ते मात्र उजव्या जबड्याच्या सांध्याचं, दुर्बिणीतून.

"हे तर जबड्याचं आहे."

"हो, पण त्यानं माझा कान बरा होणार आहे. टाके नाहीत, भोकसुद्धा बारीक, दुसऱ्या दिवशी घरी. व्हिडिओ पाहिलाय मी."

मी फाईल चाळली. आठ महिने उजवा कान दुखतोय आणि दडे बसल्यासारखं वाटतंय. तीन वेळा कानात टाकायचे थेंब, दोनदा अँटिबायोटिकचा कोर्स, एकदा मळ काढला, ऐकण्याची तपासणी नॉर्मल. मग कुणीतरी जबड्याचा एमआरआय सांगितला. त्यात 'चकती सरकलेली' आली आणि थेट ऑपरेशनची तारीख ठरली.

त्यांचं बीपी, शुगर, ईसीजी सगळं उत्तम होतं. त्या ऑपरेशनला फिट होत्या. ते ऑपरेशन त्यांना फिट होतं का, हे मात्र कुणी विचारलेलं दिसत नव्हतं. आजचा लेख त्या न विचारलेल्या प्रश्नाबद्दल आहे. (रुग्णांची ओळख पटू नये म्हणून या लेखातले काही तपशील बदलले आहेत.)

कान आणि जबडा: एका भिंतीचे शेजारी

तर्जनी कानाच्या भोकाच्या अगदी पुढे ठेवा आणि तोंड उघडा-मिटा. बोटाखाली काहीतरी गोलसर पुढे-मागे सरकतंय ना? तोच जबड्याचा सांधा. आता करंगळी हलकेच कानात घालून तेच करा. सांधा बोटाला आतून ढकलतो. कानाची नळी आणि हा सांधा यांच्यामध्ये फक्त पातळ भिंत आहे.

खालच्या जबड्याचं गोल टोक कवटीच्या खळग्यात बसतं आणि दोघांच्या मध्ये कूर्चेसारखी एक छोटी चकती असते. तोंड उघडताना हे टोक आधी फिरतं आणि मग चकतीसह पुढे सरकतं. बोलणं, चावणं, जांभई, गिळणं या प्रत्येक वेळी हे चालू असतं. चकती पुढे सरकली की तोंड उघडताना 'टक्' आवाज येतो. ती पुढेच अडकून राहिली, तर तोंड पूर्ण उघडत नाही.

या सांध्याला संवेदना पुरवणारी नसच कानाच्या नळीच्या पुढच्या भागाला आणि पडद्याच्या काही भागाला शाखा देते. त्यामुळे दुखणं सांध्यात किंवा चावण्याच्या स्नायूत असलं, तरी मेंदूला ते कानात आहे असं वाटतं. कान तपासावा तर पडदा स्वच्छ आणि नळी कोरडी. अशा वेळी कानात थेंब टाकणं म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. लसणीचं कोमट तेल घालणाऱ्यांबद्दल तर बोलायलाच नको. त्यातून मिळते ती बुरशी, आणि मग कान खरोखरच दुखायला लागतो.

हे ज्ञान नवीन नाही. अमेरिकेतील सेंट लुईस इथले कान-नाक-घसा तज्ज्ञ जेम्स कॉस्टेन यांनी १९३४ साली कानाच्या आणि सायनसच्या तक्रारी जबड्याच्या सांध्याशी जोडणारा निबंध प्रसिद्ध केला. दाढा पडल्यामुळे जबडा मागे सरकतो आणि नसेवर दाब येतो, असं त्यांचं म्हणणं होतं. पुढे शरीररचनाशास्त्रज्ञांनी हे स्पष्टीकरण चुकीचं ठरवलं. पण कॉस्टेन यांचं निरीक्षण बरोबर होतं: कान निरोगी असूनही दुखू शकतो आणि कारण जबड्यात असू शकतं. इतकी वर्षं झाली, तरी आमच्या व्यवसायातले कित्येकजण कानदुखी म्हटलं की थेंबांची बाटली लिहितात. मीही लिहिल्या आहेत.

दुर्बिणीनं नेमकं काय करतात?

जपानमधील मासातोशी ओनिशी यांनी १९७० च्या दशकात या इवल्याशा सांध्यात दुर्बीण घालून दाखवली. सुमारे दोन मिलिमीटर जाडीची नळी कानासमोरच्या त्वचेतून सांध्याच्या वरच्या कप्प्यात जाते. सर्जन आतलं चित्र पडद्यावर पाहतात. चिकटलेले पापुद्रे सोडवतात, सांधा सलाइनसारख्या द्रवानं धुऊन काढतात, गरज असल्यास औषध सोडतात. अनुभवी हात आणि जास्त साधनं असतील तर चकती जागेवर आणून टाक्यानं बांधण्यापर्यंत मजल जाते.

याहून सोपा एक प्रकार आहे. दुर्बीण न घालता दोन सुया सांध्यात घालून तो धुवायचा. दोरित नित्झान आणि सहकाऱ्यांनी १९९१ मध्ये तो मांडला. अडकलेला जबडा अनेकदा एवढ्यानंही मोकळा होतो.

ही तंत्रं उत्तम आहेत, हे आधीच सांगून टाकतो. माझं भांडण तंत्राशी नाही. ते ज्या घाईनं आणि ज्या भाषेत विकलं जातं, तिच्याशी आहे.

आक्षेप पहिला: भोक लहान म्हणून निर्णय लहान होत नाही

'बिनटाक्याचं', 'एका दिवसात घरी', 'चहा पिऊन या आणि करून जा' अशा जाहिराती तुम्ही पाहता. भोकाचा आकार सांगतात, भोकापलीकडे काय आहे ते सांगत नाहीत. कपाळ उचलणारी आणि डोळा मिटणारी चेहऱ्याची नस याच भागातून जाते. शीर आणि धमनी शेजारीच आहेत. मागे कानाची नळी आणि पडदा. वर, पातळ हाडापलीकडे, मेंदू.

तज्ज्ञ हातात गंभीर गुंतागुंत क्वचितच होते आणि नसेचा अशक्तपणा बहुतेकदा काही आठवड्यांत भरून येतो. पण कानाच्या नळीला किंवा पडद्याला छिद्र पडणं ही या ऑपरेशनची पुस्तकात नोंदलेली गुंतागुंत आहे. ज्या कानासाठी ऑपरेशन करायचं, त्याच कानाला इजा होण्याचा धोका, भले तो लहान असो, आधी सांगायला नको का? त्या शिक्षिकेच्या फाईलमध्ये संमतीपत्र होतं. सही करायच्या जागेवर फुली मारून ठेवली होती. 'कान' हा शब्द त्यात एकदाही नव्हता.

आक्षेप दुसरा: एमआरआयचा उपचार चालू आहे

'चकती सरकलेली' हे शब्द वाचून माणूस घाबरतो. पण काहीही त्रास नसलेल्या लोकांचा एमआरआय काढला, तर साधारण तिघांपैकी एकाची चकती सरकलेली सापडते. ही माणसं आरामात कणीस खात असतात. जबड्याचा नुसता 'टक्' आवाजही असाच. दुखत नसेल आणि तोंड अडकत नसेल, तर त्यावर उपचार लागत नाही. मणक्याच्या एमआरआयबद्दल हे मी गेली वीस वर्षं सांगत आलोय, आता जबड्याबद्दलही सांगावं लागतंय. तपासणीत सापडलेली गोष्ट आणि तुमच्या दुखण्याचं कारण एकच असेल असं गृहीत धरू नका.

आक्षेप तिसरा: साध्या उपचारांना संधीच दिली जात नाही

अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठातील एरिक शिफमन आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. चकती अडकून तोंड न उघडणारे १०६ रुग्ण घेतले. चिठ्ठ्या टाकल्यासारखे त्यांचे चार गट केले. एकाला औषधं आणि सल्ला, दुसऱ्याला व्यायाम-फिजिओथेरपीसह पुनर्वसन, तिसऱ्याला दुर्बिणीची शस्त्रक्रिया, चौथ्याला सांधा उघडून शस्त्रक्रिया. पाच वर्षं पाठपुरावा केला. चारही गट सुधारले आणि त्यांच्यात लक्षणीय फरक आढळला नाही. म्हणून सुरुवात साध्या उपचारांनी करावी, असा त्यांचा निष्कर्ष. लक्षात घ्या, हे रुग्ण नुसत्या कानदुखीचे नव्हते. ज्यांचं तोंड खरोखर अडकलेलं होतं असे होते.

२०२३ साली 'बीएमजे' या वैद्यकीय नियतकालिकात जबड्याच्या जुनाट दुखण्याबद्दल मार्गदर्शक सूचना आल्या. ठाम शिफारस कशाची? तज्ज्ञाच्या देखरेखीखाली जबड्याचे आणि मान-पाठीच्या ठेवणीचे व्यायाम, स्नायूंचं मर्दन, घरचे व्यायाम, नीट समजावून सांगणं, आणि ताण-वेदना हाताळायला शिकवणारे मानसोपचार. सुयांनी सांधा धुणं जुनाट दुखण्यासाठी सरसकट करू नये, असं त्यात म्हटलं आहे. चकती काढून टाकण्याला आणि दातांची ठेवण कायमची बदलणाऱ्या पट्ट्यांना तर ठाम विरोध आहे.

या विषयाला इतिहासही आहे. १९८० च्या दशकात अमेरिकेत चकती काढून तिच्या जागी टेफ्लॉनचा थर असलेले कृत्रिम तुकडे बसवण्याची लाट आली होती. हजारो रुग्णांना ते बसवले. पुढे त्यांचे कण सुटले, शरीरानं त्यांवर हल्ला केला, आणि काहींच्या सांध्याचं हाड झिजून गेलं. १९९० च्या अखेरीस तिथल्या औषध प्रशासनाला जाहीर इशारा द्यावा लागला. आजची दुर्बीण म्हणजे ते तुकडे नव्हेत. पण 'नवीन आहे, सोपं आहे, लगेच करून टाकू' हे वाक्य या सांध्यानं पूर्वीही ऐकलेलं आहे.

सर्जन काय म्हणतील?

माझे एक सर्जन स्नेही या मुद्द्यांवर माझ्याशी वाद घालतात. त्यांचं म्हणणं असं: "तुम्ही फिजिशियन लोक 'व्यायाम करा' म्हणत महिनोन्‌महिने घालवता. तोवर सांधा आतून चिकटतो आणि माझ्याकडे येतो तेव्हा दुर्बिणीनं सुटण्यासारखा राहत नाही."

यात तथ्य आहे. लवकर सांधा धुतला तर काही रुग्णांना जास्त फायदा होतो असं दाखवणारे अभ्यासही आहेत. म्हणून माझी भूमिका 'ऑपरेशन कधीच नको' अशी नाही. पुढील परिस्थितीत तर उलट, टाळाटाळ करू नका असंच मी सांगेन:

- तोंड अचानक अडकलं, दोन बोटंही जेमतेम मावतात, आणि काही आठवड्यांच्या योग्य उपचारांनी फरक नाही.
- दुखणं खरंच सांध्यातलं आहे हे तपासून नक्की झालंय, साधे उपचार मनापासून केलेत, तरी खाणं-बोलणं कठीण आहे.
- संधिवातानं हा सांधा सुजलाय, किंवा आत सुटे कण तयार झालेत.

आणि काही वेळा दुर्बीण पुरतच नाही. लहानपणी हनुवटीवर पडल्यानं किंवा दुर्लक्षित कानाच्या संसर्गानं जबड्याचा सांधा हाडानं जखडला, तर त्या मुलाला खुली शस्त्रक्रिया लागते. तिथे 'बिनटाक्याचं' काही शोधत बसू नका, वेळ घालवू नका.

माझ्या स्नेह्यांना मी एवढंच विचारतो: तुमच्याकडे येणाऱ्यांपैकी किती जणांनी सहा आठवडे नीट उपचार केलेले असतात? ते हसतात. "फार थोड्या," म्हणतात. म्हणजे आमचं भांडण मिटलं. दोष त्यांच्याकडे पाठवणाऱ्या आम्हा डॉक्टरांचा आणि व्हिडिओ पाहून थेट जाणाऱ्या तुमचाही आहे.

सर्वांत महत्त्वाचं: जबड्यात दुर्बीण घालण्याआधी घशात पाहा

आता माझी स्वतःची एक चूक सांगतो. ती सांगितल्याशिवाय दुसऱ्यांवर टीका करण्याचा मला अधिकार नाही.

पन्नाशीचे एक गृहस्थ. डावा कान दुखतो. कान स्वच्छ. कानापुढे दाबल्यावर थोडं दुखलं. मी छाती पुढे काढून म्हणालो, "कान नाही, जबडा आहे." मऊ खा, शेका, गोळी घ्या. ते पुन्हा आले, मी तेच सांगितलं. दोन महिन्यांनी आले तेव्हा मानेत गाठ होती. ईएनटी तज्ज्ञांनी दुर्बिणीतून घसा पाहिला. जिभेच्या मुळाशी व्रण होता. कर्करोग. ते रोज तंबाखू-चुना मळत असत. मला माहीत होतं आणि मी त्याचा संबंध लावला नाही.

कानाला एकाच नसेची वायरिंग नाही. चेहऱ्याची, घशाची, स्वरयंत्राची आणि मानेची अशा अनेक नसांचे धागे तिथे पोचतात. म्हणून जिभेचं मूळ, टॉन्सिल, घसा यांचं दुखणंही कानात उमटतं. माझी सांगण्याची पद्धत त्या दिवसापासून बदलली. कान स्वच्छ असूनही एकाच बाजूचा कान दोन-तीन आठवड्यांपेक्षा जास्त दुखत असेल, आणि माणूस तंबाखू, गुटखा, बिडी-सिगारेट किंवा दारू घेणारा असेल, तर आधी घसा दुर्बिणीतून बघायचा. जबड्याचं नाव नंतर. ही तपासणी ओपीडीत काही मिनिटांत होते.

तोंड न उघडण्याचंही तसंच. महाराष्ट्रात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे, पण गुटखा आणि सुपारी खाऊन तोंड आखडलेले तरुण आम्ही अजून रोज पाहतो. त्यांचा सांधा ठीक असतो. गालाच्या आतली त्वचा पांढरट, चामड्यासारखी होते. ही कर्करोगपूर्व अवस्था आहे. त्यांच्या जबड्याच्या सांध्याला दुर्बीण लावणं म्हणजे जखम मांडीला आणि मलम शेंडीला.

आणखी काही धोक्याचे इशारे:

- चालताना, जिने चढताना जबडा दुखतो आणि थांबल्यावर कमी होतो: हृदय तपासा. लगेच.
- वय पन्नाशीपुढे, चावताना जबडा भरून येतो, कानशील दुखतं, नजर अंधूक होते: त्याच दिवशी डॉक्टरांना भेटा. धमनीची सूज असू शकते आणि तिच्यामुळे दृष्टी जाऊ शकते.
- मधुमेह आहे आणि कान रात्री असह्य दुखतो, वाहतो: हाडापर्यंत जाणारा संसर्ग असू शकतो.
- कानातून स्राव, रक्त, ऐकू कमी येणं, चक्कर: याचं खापर जबड्यावर फोडू नका, आधी कान तपासा.
- जखमेनंतर दातखीळ बसणं: धनुर्वाताचा विचार करा, रुग्णालय गाठा.

मग आधी काय करायचं?

धोक्याचं काही नाही आणि दुखणं जबड्याचंच आहे हे ठरलं, की सहा ते आठ आठवडे हे प्रामाणिकपणे करा:

१. ओठ मिटलेले, दात सुटे, जीभ टाळूला. दिवसभरात दात एकमेकांना टेकायचे ते खाताना आणि गिळतानाच. मोबाईल पाहताना, गाडी चालवताना, वह्या तपासताना दात आवळले जातायत का, हे पाहा. मोबाईलवर दर तासाला आठवण लावा.

२. दोन-तीन आठवडे मऊ खा. वरण-भात, खिचडी, दुधात कुस्करलेली भाकरी. ऊस, चिक्की, कडक लाडू, सुपारी, च्युइंगम बंद. दोन्ही बाजूंनी चावा.

३. जांभई आली तर हनुवटीखाली मूठ धरा.

४. कानापुढे आणि गालावर दिवसातून दोन-तीनदा दहा-पंधरा मिनिटं कोमट शेक.

५. जीभ टाळूला लावून तोंड हळू, सरळ रेषेत उघडा-मिटा. सहा वेळा, दिवसातून काही वेळा. जमल्यास फिजिओथेरपिस्टकडून शिकून घ्या.

६. वेदनाशामक गोळी डॉक्टरांना विचारून, थोडे दिवस. किडनी, बीपी, पित्ताचा त्रास असेल तर मनानं अजिबात नको.

७. झोप आणि ताण. झोपेत दात खाण्याची सवय असेल तर दंतवैद्यांना सांगा. पण या दुखण्यासाठी चांगले दात घासून कमी करणं किंवा त्यांवर कॅप बसवणं मान्य करू नका. घासलेला दात परत येत नाही.

सही करण्याआधी पाच प्रश्न

१. माझं दुखणं सांध्याचं आहे की स्नायूंचं, आणि ते कशावरून ठरवलं?
२. माझा कान आणि घसा दोन्ही तपासले का?
३. साधे उपचार किती आठवडे केले, आणि नुसतं धुऊन भागणार नाही का?
४. या ऑपरेशनानं तोंड उघडेल की कानाचं दुखणं जाईल? कानातला आवाज आणि दडेही जातील याची खात्री देता का?
५. चेहऱ्याची नस आणि कान यांना धोका किती? हे ऑपरेशन तुम्ही किती वेळा केलंय?

चौथा प्रश्न नीट विचारा. या दुर्बिणीचं खरं काम अडकलेला सांधा मोकळा करणं आणि त्याचं दुखणं कमी करणं हे आहे. कानातली शिट्टी किंवा दडे जातील अशी हमी कोणी देत असेल, तर उठून बाहेर या.

त्या शिक्षिकेचं काय झालं? त्यांचं तोंड तीन बोटं सहज उघडत होतं. दुखत होता तो उजव्या गालाचा चावण्याचा स्नायू. डावीकडची दाढ काढल्यापासून वर्षभर त्या उजवीकडेच चावत होत्या. घरी सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या, शाळेत परीक्षा, आणि दात दिवसभर आवळलेले. मी पत्र लिहिलं, "ऑपरेशनसाठी फिट," आणि तारीख दोन महिने पुढे ढकलायची विनंती केली. ईएनटी तज्ज्ञांनी घसा पाहिला, तो स्वच्छ होता. फिजिओथेरपिस्टनी व्यायाम शिकवले, दंतवैद्यांनी पडलेल्या दाढेची सोय केली. सातव्या आठवड्यात त्या आल्या तेव्हा कान महिन्यातून एखाद्या वेळीच ठणकत होता. जबड्याचा 'टक्' आवाज अजून येतो. येऊ दे.

ती ऑपरेशनची तारीख पुन्हा घ्यावी लागली नाही. लागली असती तर मीच त्यांना पाठवलं असतं, आणि तेव्हा त्यांनी समजून-उमजून सही केली असती.